पेशींना रविवार नसतो

पेशींना रविवार नसतो.
डंडीतल्या ह्या इमारतीत शिरताना
वहीत सही करत मी मॉरीनला हे ऐकवते.
ती दर रविवारी विचारते, 'आजही एकटीच?'
आणि बिस्किटांचा डबा पुढे सरकवते.

चौथ्या मजल्यावर दिवे माझ्या चालण्याने लागतात,
मागे मागे विझत येतात.
खिडकीत टे नदी असते. आज नाही.
समुद्रावरून धुकं आलंय,
रेल्वेचा पूल अर्ध्यातच संपतो.
चोवीस बश्या. जुनं द्रव काढायचं, नवं घालायचं,
जत्रेतल्या बर्फगोळ्याच्या रंगाचं.
हात धुवायचे. परत धुवायचे.

पप्पा मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायचे.
उलटी अक्षरं इतकी वर्षं सुलट वाचली
की साधं वर्तमानपत्र वाचताना अडखळायचे.
एक काना खाली पडला तर कंदील घेऊन शोधायचे.
'एक चूक, सुवार्ता, हजार प्रतींत हजार वेळा खोटं बोलते.'
नाव घेऊन बोलले की समजायचं,
हे वाक्य आता वार्षिक परीक्षेपर्यंत पुरणार.

साडेचारला उठणं, प्रार्थना, दोन गणितं, मग चहा.
बुद्धी तुझी नाही, तुझ्याकडे ठेवायला दिलीय.
मालक येईल, हिशोब मागेल.
मी नऊ वर्षांची. खरं-खोटं करायला
कडुनिंबाखाली चार आणे पुरले.
दिवाळीच्या सुट्टीत उकरले तर काळेठिक्कर.
त्या रात्री झोपले नाही,
एकोणतीसपर्यंतचे पाढे म्हणत राहिले.

कुठला कप घेऊन आले की पप्पा म्हणत, 'स्तुती त्याची.'
मी उंबऱ्यात, पितळी कप पोटाशी धरून,
त्यातली चिमूटभर माझ्याकडे उरते का बघत.

पण रविवार.
शनिवारी दिवा मालवण्याआधी आई माझी पुस्तकं
ज्वारीच्या कणगीवर ठेवायची, हात पोचू नये अशी.
देवळातली उपासना, मटण,
आणि मग काही नाही.
दहावीला सोमवारी गणिताचा पेपर होता, तरी काही नाही.
मी पाय आपटले, रडले.
पप्पा बाजेवर आडवे,
शाई न सुटणारी बोटं छातीवर,
डोळे मिटून म्हणाले,
'आज एक दिवस जग तुझ्यावाचून छापू दे त्याला.'
ह्यांना माझी काळजी नाही, हे त्या दुपारी मी नक्की केलं.
पालीने एक किडा चुकवला. मग तोच पुन्हा.
ऊन बाजेखालून सरकत चुलीपर्यंत गेलं,
आणि तेवढा वेळ
मी कुणाचीच हुशार मुलगी नव्हते.

गाव सोडताना सगळं बांधून आणलं,
साडेचारचा गजर, कंदील, तो पडलेला काना.
देव वाटेत कुठल्या स्टेशनात उतरला
कळलं नाही, भांडणही झालं नाही.
मालक मात्र आला बरोबर,
अनुदानाचा अर्ज भरताना खांद्यावरून वाचतो.
कणगी तिकडेच राहिली.

सतराव्या बशीला फोन वाजला.
पप्पांना हल्ली ऐकू कमी येतं.
'उपासनेला गेलीस?'
'कामावर आहे. पेशींना रविवार नसतो, पप्पा!'
'कुणाला?'
'पेशींना!'
'पेशव्यांना?' जरा विचार केला त्यांनी.
'त्यांना कुठून असायला.'

हसता हसता मी भिंतीला टेकून खाली बसले,
फोन बंद झाला तरी बसूनच.
सात बश्या बाकी होत्या.
उठायचं होतंच, उठलेही नंतर.
पण त्याआधी
मी इतका वेळ हलले नाही
की दिवे विझले.